एकटीचं जबलपूर

मुरलीधरराव केकऱ्यांनी अडतीस वर्षं लोखंड नापास करण्याची नोकरी केली. जबलपूरला रांझीजवळच्या कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. मशीनवरून उतरलेला नग हातात घ्यायचा, मापात घालून बघायचा, केसाएवढा फरक दिसला तरी बाजूला टाकायचा. पास झालाच तर त्यावर आपला पंच ठोकायचा. पंच म्हणजे बोटभर लांबीचा पोलादी शिक्का, प्रत्येक तपासनिसाचा वेगळा. यांच्या पंचावर सत्तेचाळीसचा आकडा होता, आणि सत्तेचाळीस दिसला की पुढचा माणूस तो नग पुन्हा मोजायच्या भानगडीत पडत नसे. एकदा महिनाअखेरीला साहेब म्हणाले, "जाने दो केकरेजी, उन्नीस-बीस का फर्क है." यांनी पंच खिशात टाकला आणि डबा खायला निघून गेले. ही गोष्ट त्यांनी स्वतःच इतक्यांदा सांगितली होती की आळीतल्या पोरांनाही ती पाठ होती.

निवृत्त झाल्यावर लोखंड सुटलं, खोड सुटली नाही. ते माणसं नापास करायला लागले. मराठी मंडळात बाहेरगावचा वक्ता बोलायला उभा राहिला की तिसऱ्या रांगेत मुरलीधरराव चष्मा पुसून तयार बसत. सन चुकला, राजाचा मुलगा पुतण्या झाला, घाटाचं नाव इकडचं तिकडे झालं, की हात वर. वक्ते घाम पुसत आणि पुढच्या वर्षी यायचं टाळत. माणूस तिरसट होता, पण एक गोष्ट कबूल करायलाच हवी: तो कधी चुकत नसे. जबलपूरच्या गल्लीन् गल्लीची माहिती त्याने चौदा वह्यांत लिहून ठेवली होती. कुणाला विचारून, कुठे पाहून लिहिलं तेसुद्धा समासात होतं.

फक्त त्या वह्या वाचायला कुणी नव्हतं. मुलगा बंगळुरूला. तो म्हणायचा, "पप्पा, सगळं नेटवर आहे." मुरलीधररावांना या वयात पैसा नको होता, मान नको होता असं मात्र नाही. आपलं नाव कुठेतरी छापलं जावं, एखाद्या पुस्तकात, खाली का होईना, पण नीट छापलं जावं, ही त्यांची एकच इच्छा उरली होती. ती त्यांनी बायकोशिवाय कुणाला सांगितली नव्हती. अर्थात, ती सगळ्या मंडळाला माहीत होती.

सहा वर्षांपूर्वीच्या जानेवारीत कमानिया गेटजवळ खोव्याची जलेबी खाताना त्यांना शेजारी मराठी ऐकू आली. पुण्याची, इस्त्री केलेली मराठी. पाठीवर सॅक, गळ्यात कॅमेरा, धुळीने भरलेले बूट अशी एक तिशीच्या आतली मुलगी फोनवर कुणाला तरी सांगत होती की हे गेट कुठल्याशा राजाने बांधलंय बहुतेक. मुरलीधररावांच्या घशात जलेबी अडकली.

"राजा-बिजा नाही, बेटा," ते मध्येच बोलले. "काँग्रेसच्या त्रिपुरी अधिवेशनाची आठवण आहे ती. एकोणीसशे एकोणचाळीस. कोणाला काय सांगून राहिलीस तू हे?"

मुलगी हसली. फोन बंद करून तिने खिशातून डायरी काढली आणि म्हणाली, "परत सांगता का, काका? लिहून घेते."

इतकं पुरलं. चौदा वह्यांच्या माणसाला कुणी 'लिहून घेते' म्हटल्यावर तो दुसरं काय करणार होता?

तिचं नाव अवंतिका लिमये. एकटीने शहरं पायी हिंडायची, फोटो काढायचे, त्यावर लिहायचं, हा तिचा उद्योग. जबलपूरला एका दिवसासाठी आली होती, आठ दिवस राहिली. मग दर जानेवारीत यायला लागली. हे शहर माझ्या अंगात भिनलंय असं म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं; हनुमानताल तलावाच्या पायऱ्यांवर थंडीत तासन्‌तास बसायची, एका खिडकीवर ऊन यायची वाट बघत. तिच्या शेजारी कानटोपी आणि तपकिरी मफलर घालून मुरलीधरराव बसलेले असत. तिच्या कॅमेऱ्याची तिपाई त्यांच्या खांद्यावर, पाण्याची बाटली त्यांच्या पिशवीत, बायकोने, मनीषाताईंनी, दिलेले मेथीचे पराठे फडक्यात. तिलवाऱ्याच्या घाटावर धुकं विरायच्या आत पोचायचं तर पहाटे पाचला मोटारसायकल काढायचे ते. गढ्याच्या चढावर तिचा पाय मुरगळला तेव्हा तिला आधार देत एक कोस चालवत आणलं. चालता चालता बोलणं सुरू. ती लिहून घ्यायची.

आणि मध्येच कॅमेरा डोळ्याला लावून म्हणायची, "काका, जरा बाजूला."

ते लगेच बाजूला होत. फोटोचं काम आहे, आपली सावली पडू नये, एवढं त्यांना समजत होतं. सहा वर्षांत ते इतक्यांदा बाजूला झाले की तिने कॅमेरा उचलला की न सांगताच दोन पावलं सरकायचे.

मंडळात मात्र ते सरकत नसत. "पुण्याची एक लेखिका माझ्यासोबत जबलपूरवर काम करून राहिली आहे," असं ते भेटेल त्याला ऐकवत. देवदत्त ओगले हे त्यांचे चाळीस वर्षांचे मित्र. मित्र म्हणायचं ते अशासाठी की दोघांनी एकमेकांचा पाणउतारा करायची एकही संधी कधी सोडली नव्हती. ओगले बँकेतून निवृत्त झालेले, मोबाईल सफाईने चालवणारे. गेल्या डिसेंबरात एका संध्याकाळी मंडळाच्या वाचनालयात त्यांनी सगळ्यांसमोर मोबाईल पुढे धरला.

"अरे केकरे, ही तुझीच लेखिका ना? ऐक तर मग." आणि त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "'या शहरात मी कुणालाच ओळखत नाही, आणि तेच मला आवडतं. मी, माझा कॅमेरा आणि नर्मदेवरचं धुकं. पहाटे साडेपाचला तिलवाऱ्याच्या घाटावर एकटी बाई उभी असते तेव्हा...'" ओगले थांबले. "काहून रे, साडेपाचला तू घरी झोपला होता का?"

लोक हसले. कुणी वाईट बुद्धीने हसलं नाही, पण हसले. मुरलीधररावांनी मोबाईल हातात घेतला. धुक्याचा फोटो होता. डाव्या कडेला, अगदी कडेला, मफलरचं एक तपकिरी टोक राहून गेलं होतं. बाकी सगळा माणूस कापला होता.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, तर मनीषाताई भाजी निवडत राहिल्या.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. पहिल्यापासून सगळं वाचलं मी."

"मग काहून नाही सांगितलं?"

"काय सांगू? दिवाळी संपली की तुम्ही जानेवारीची वाट पाहून राहिले असता. मफलर धुऊन ठेवता. मला नाही सांगवलं."

बायकोला आपली कीव आली होती, हे मुरलीधररावांना जास्त झोंबलं. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि सकाळी नेहमीपेक्षा दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

जानेवारीत अवंतिका आली ती आनंदात. पुस्तक ठरलं होतं. प्रकाशक मिळाला होता, नावही पक्कं होतं, 'एकटीचं जबलपूर'. ही शेवटची फेरी, राहिलेले फोटो काढायचे की झालं. मुरलीधररावांनी तिपाई खांद्यावर घेतली. भांडण करायचं, जाब विचारायचा, असं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते मोजून बघणारे होते. फुहाऱ्याच्या चौकाकडून कमानिया गेटकडे चालताना त्यांनी अगदी सहज विचारलं, "पुस्तकात काय काय राहील, बेटा? म्हणजे, कोण कोण?"

"कोण कोण नाही, काका. फक्त शहर. आणि मी." ती दुकानांवरचं ऊन बघत होती. "लोक माझं वाचतात ते एकटी बाई हिंडते म्हणूनच ना. काका, जरा बाजूला."

ते बाजूला झाले. नग मोजून झाला होता.

"तुला या गेटची खरी गोष्ट कधी सांगितलीच नाही मी," ते म्हणाले. हे वाक्य तोंडातून कसं बाहेर पडलं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. "कागदावर सापडत नाही ती. या कमानीखाली हत्ती पुरलेला आहे. भोसल्यांच्या पदरचा म्हातारा हत्ती होता, लक्ष्मीप्रसाद नावाचा. इथंच बसला आणि मेला. हलवता येईना, तर इथंच पुरला. म्हणून तर अजूनही लग्नाची वरात इथं आली की घोडं बिचकतं."

अवंतिकाने कॅमेरा खाली घेतला. तिचे डोळे चमकत होते. "काका! हे कुठंच नाहीये!"

आता इथे जरा थांबून सांगायला हवं. सहा वर्षं या माणसाने तिला खरं सांगितलं होतं, सनासकट, समासातल्या नोंदींसकट. तिने ते सगळं इमानाने लिहून घेतलं होतं, पण तिचे डोळे असे कधी चमकले नव्हते. मुरलीधररावांनी ते पाहिलं. रागाला तेवढंच निमित्त पुरलं. पुढच्या वळणावर दुसरी थाप तयार होती.

ग्वारीघाटावर त्यांनी सांगितलं की इथले नावाडी पोहायला शिकत नाहीत. शिकलं तर नर्मदामाईवर भरवसा नाही असं होतं. ते हे सांगत असताना दहा हातांवर एक नावाडी सुटलेली नाव धरायला पाण्यात उडी मारून सपासप हात मारत होता. अवंतिकाने त्याचा फोटो काढला आणि डायरीत लिहिलं, 'पोहता न येणारा नावाडी, श्रद्धेने पाण्यात'. मुरलीधररावांना हसू आवरेना. त्यांनी मफलर तोंडावर ओढला आणि खोकल्यासारखं केलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते जाणूनबुजून वाकडा नग पुढे सरकवत होते, आणि त्यात इतकी मजा असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी बायकोला हत्ती ऐकवला. मनीषाताई हसल्या नाहीत.

"असं नका करू. पोरगी विश्वास ठेवून राहिली तुमच्यावर."

"ठेवू दे. छापू दे. मग येईल मंडळात भाषण द्यायला. ओगले एकेक पान उलटून विचारेल तिला. एकटी आहे ना ती? एकटीलाच उत्तर देऊ दे."

हे बोलताना ते खूश होते. एवढे खूश की मनीषाताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मग दुसरीकडे बघितलं.

सहाव्या दिवशी ते तिला मदनमहालच्या टेकडीकडे घेऊन गेले. वाटेत तो दगड आहे. जबलपूरकरांना त्याचं काय आहे ते बाहेरच्याला समजायचं नाही. एका खडकावर दुसरा अवाढव्य खडक जेमतेम टेकलेला, फुंकर मारली तर पडेल असा. आणि सत्त्याण्णवच्या मे महिन्यात भूकंपाने शहरातली घरं पडली, पण तो हलला नाही. पाहुणा आला की त्याला तिथे न्यायचं आणि हे सांगायचं, ही इथली रीत. कुठलाही रिक्षावाला छाती फुगवून सांगेल.

अवंतिकाने दगडाचे फोटो आधीही काढले होते. या वेळी तिला काही जमत नव्हतं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. "नेहमीचाच फोटो येतोय," ती कंटाळून म्हणाली.

"तो हलला नाही असं सांगतात ना सगळे," मुरलीधरराव बोलले. आवाज त्यांनी खाली आणला. "पडला होता. भूकंपाच्या रात्री पडला होता तो. शहराचा धीर जाईल म्हणून आमच्या कारखान्याची क्रेन आणून दुसऱ्या रात्री परत चढवला. पंधरा माणसं होतो. शपथ घातली होती आम्हाला."

"होतो?" अवंतिका वळली. "म्हणजे तुम्ही, काका?"

नाही म्हणता आलं असतं. पंधरा माणसं कुठलीतरी, ऐकीव गोष्ट, असं म्हणून सुटता आलं असतं. पण ती त्यांच्याकडे बघत होती. दगडाकडे नाही, उन्हाकडे नाही, त्यांच्याकडे. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"मी होतो," मुरलीधरराव म्हणाले. "टेकवायचं माप मी घेतलं. केसाएवढा फरक चालणार नव्हता."

ती दोन पावलं मागे गेली, आणि तिने कॅमेरा उचलला. मुरलीधरराव सवयीने बाजूला सरकले.

"नाही, काका. तिथंच थांबा. दगडावर हात ठेवा."

ते थांबले. कानटोपी काढली, केस हाताने बसवले, तळहात त्या गार खडकावर ठेवला. तिने दहा-बारा फोटो काढले आणि कितीतरी वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. आता सांगून टाकावं असं मुरलीधररावांच्या मनात आलं. खरंच आलं. हसून म्हणावं, गंमत केली बेटा, हत्ती नाही आणि क्रेनही नाही. पण सांगितलं तर हा फोटोही गेला. ते दगडावर हात ठेवून तसेच उभे राहिले.

स्टेशनवर तिने वाकून नमस्कार केला. "आता पुढच्या वर्षी दुसरं शहर, काका. इथलं झालं." त्यांनी आशीर्वाद दिला, आणि खरं सांगून टाकायचं मनात उरलंसुरलं जे काही होतं ते गाडीबरोबर सोडून दिलं.

पुस्तक नोव्हेंबरात आलं. प्रकाशन जबलपुरातच करायचं असा अवंतिकाचा हट्ट होता. मंडळाने हॉल दिला, खुर्च्या मांडल्या, चहा-समोसे सांगितले. तिचा फोन आला, "काका, तुम्ही आणि काकू पहिल्या रांगेत. यायचंच. एक गंमत आहे."

"गंमत तर मी पाहून राहिलो आहे," मुरलीधरराव फोन ठेवून म्हणाले. नवा शर्ट घातला, आणि पहिल्या रांगेत बायकोला बसवून स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसले. तिथून सगळं नीट दिसतं. ओगले तिसऱ्या रांगेत पुस्तक चाळत होते. त्यांच्या बोटांत तीन-चार पानं अडकवलेली होती. मुरलीधररावांना आत गुदगुल्या झाल्या.

अवंतिका साडी नेसून आली होती. माईकसमोर उभी राहून तिने पुस्तकाचं पहिलं पान उघडलं.

"मी सहा वर्षं लिहीत आले की या शहरात मी एकटी हिंडते," ती म्हणाली. "घरी बसून फोटो निवडत होते तेव्हा एक दिसायला लागलं. प्रत्येक फोटोच्या कडेला काहीतरी आहे. मफलरचं टोक. कोपर. पिशवीचा बंद. मी दर वेळी ते कापत आले. सहा वर्षं मी एका माणसाला कापत होते आणि एकटी एकटी म्हणून मिरवत होते." तिने पुस्तकात पाहिलं. "अर्पणपत्रिका वाचते. 'मुरलीधरकाका केकरे यांना. मी एकटी नव्हते. या पुस्तकातली सगळी माहिती त्यांची आहे. मी एक शब्दही बदललेला नाही.'"

टाळ्या पडल्या. लोक मागे वळून बघायला लागले. कुणीतरी त्यांना उठवलं, कुणीतरी पुढे नेलं. अध्यक्षांनी शाल घातली, हातात नारळ दिला. मागच्या पडद्यावर पुस्तकातलं सगळ्यात मोठं चित्र आलं: दगड, आणि त्यावर हात ठेवून उभे असलेले, कानटोपी काढलेले मुरलीधरराव. दीडशे फोटोंच्या पुस्तकात कॅमेऱ्याकडे बघणारा एकच माणूस होता. खाली पूर्ण नाव, नीट छापलेलं.

किती सुंदर फोटो होता तो! मुरलीधररावांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच क्षणी तिसऱ्या रांगेतून ओगले उभे राहिले.

"केकरेजी, अभिनंदन. एक विचारू? पान अठ्ठ्याऐंशी." त्यांनी चष्मा सारखा केला. "इथं लिहून आहे की दगड भूकंपात पडला होता, आणि क्रेनने चढवला, आणि तुम्ही स्वतः माप घेतलं. आता मला आठवते ते असं की भूकंप झाला त्या आठवड्यात तुम्ही नागपूरला होते. मेव्हण्याच्या लग्नाला. मीही होतो. एका पंगतीत बसलो होतो आपण. मग हे कसं?"

हॉलमध्ये खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "और वो हाथी? कमानिया के नीचे हाथी?" मग उघडच हसू फुटलं. "नावाड्यांना पोहता येत नाही म्हणे!" मागच्या रांगेतून आवाज आला.

अवंतिका हसली नाही. ती मुरलीधररावांकडे वळली होती, अगदी निश्चिंत. आता काका सन सांगतील, वार सांगतील, समासातली नोंद सांगतील, अशा खात्रीने.

एक वाक्य पुरलं असतं. मी खोटं सांगितलं. तीन शब्द! लोक हसले असते, ओगल्यांनी वर्षभर चिडवलं असतं, आणि मग विसरले असते. पण मुरलीधररावांना समोर दीडशे चेहरे दिसले आणि खिशातला पंच आठवला. सत्तेचाळीस नंबर. पुन्हा मोजायच्या भानगडीत कुणी पडत नसे. हातातला नारळ घट्ट धरून त्यांनी माईक जवळ ओढला.

"मी असं काही सांगितलेलं नाही," ते म्हणाले.

ओगल्यांनी पुस्तक मिटलं.

"मी नागपूरलाच होतो. मग मी क्रेनवर कसा असेन? आणि हत्तीबित्ती मी कशाला सांगू? चौदा वह्या आहेत माझ्या, येऊन बघा कोणी पण." आवाज कापत होता, मग कापायचा थांबला. "बेटा, तुझ्या लिहिण्यात काही गडबड झाली."

अवंतिकाने त्यांच्याकडे पाहिलं. तिचा हात खांद्यावरच्या पिशवीत गेला, आणि डायरी अर्धी बाहेर आली. तीच, निळ्या पुठ्ठ्याची. त्यात तारीख होती, वेळ होती, 'काका म्हणाले' असं लिहून पुढे शब्दन् शब्द होता. मुरलीधररावांनी ती ओळखली. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. काय दिसलं तिला कोण जाणे. तिने डायरी पुन्हा पिशवीत ढकलली.

"माझीच चूक असणार," ती माईकमध्ये म्हणाली. "ऐकण्यात चुकले असेन. काका असं सांगणार नाहीत. माफ करा."

"मला तेच वाटलं!" ओगले मोठ्याने म्हणाले. पहिल्यांदाच ते मित्राच्या बाजूने बोलत होते. "केकरे भांडेल, पण खोटं नाही बोलणार. पक्का सत्तेचाळीस नंबर!"

मग लोकांना जोर आला. आठ दिवस यायचं आणि काहीही लिहायचं. म्हाताऱ्या माणसाच्या नावावर खपवायचं. फोटोपुरते लोक पाहिजेत यांना. एक बाई म्हणाल्या की एकटीने हिंडणाऱ्यांचं असंच असतं, आणि दुसऱ्या बाईंनी मान डोलवली. अध्यक्षांनी घाईघाईने चहा जाहीर केला. पुस्तकं विकत घेतलेल्यांनी ती टेबलावर परत आणून ठेवली. मुरलीधररावांच्या भोवती घोळका जमला. शालीचं टोक सारखं करत ते सांगत होते की माहिती कशी तपासून घ्यावी लागते, आणि लोक हो हो म्हणत होते.

घोळक्यातून त्यांनी मनीषाताईंना शोधलं. त्या चहाला गेल्या नव्हत्या. टेबलापाशी खाली बसून अवंतिकाबरोबर पुस्तकं खोक्यात भरत होत्या. मनीषाताईंनी एकदा मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं, जसं परक्या माणसाकडे बघतात तसं, आणि पुढचं पुस्तक उचललं.

हॉल रिकामा व्हायला लागला. दोघींनी मिळून खोकं उचललं आणि दाराकडे आल्या. मुरलीधरराव दारातच उभे होते. बाहेर रिक्षा थांबली होती. खोकं जड होतं, अवंतिकाच्या हाताच्या शिरा ताठल्या होत्या. सहा वर्षं तिचं ओझं त्यांनी वाहिलं होतं. हात आपोआप पुढे झाले.

"दे, बेटा. मी घेतो."

अवंतिकाने त्यांच्याकडे बघितलं नाही. रागावलीही नाही. नेहमीच्याच आवाजात म्हणाली,

"काका, जरा बाजूला."

हातात नारळ धरून मुरलीधरराव बाजूला झाले.